आक्कांच्या गाडीचा ताबा

विट्यात जयराज शेठच्या बंगल्यासमोर सकाळी सहाला बादलीचा आवाज आला की शेजारी घड्याळ लावून घेत. तो आवाज लालासाहेब निकमांचा. चोवीस वर्षं फौजेत गाड्या चालवून हवालदार होऊन घरी आलेला माणूस, आणि त्यानंतरची चौदा वर्षं शेठकडे ड्रायव्हर. गाडीवर धूळ असो नसो, सहाला ती पुसायचीच. कोणी चेष्टेनं म्हटलं, "आवं लालासाहेब, कालच पुसलीसा की," तर हे म्हणणार, "काल जेवलास न्हवं? मग आज कशाला जेवतुयास?" गुडघे कुरकुरायला लागले, मिशी पांढरी झाली, पण शर्टाची इस्त्री मोडली नाही आणि जिभेची धारही गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला गडी.

जयराज शेठ गलाईवाले. सोनं गाळायचं दुकान कोइंबतूरला, घर विट्यात. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी घेतली ती हौसेनं, पण निमित्त आईचं. आई म्हणजे मनुबाई. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे. आक्कांचे गुडघे गेले होते आणि औंधच्या यमाईची पौर्णिमा चुकवायची नाही हा त्यांचा हट्ट. तेव्हा ही मोठी, उंच, सात जणांची गाडी आली, जिच्यात बसलं की कितीही खड्डे आले तरी पोटातलं पाणी हलायचं नाही. पहिल्या दिवशी पुढच्या शिटावर बसून आक्का म्हणाल्या, "लालासाहेब, हितनं सगळा गाव ठेंगणा दिसाया लागलाय. जरा दमानं घ्या, न्हाईतर लोक म्हणतील म्हातारी शेफारली." त्या दिवसापासून ती गाडी कागदावर शेठची आणि बाकी सगळ्या जगात आक्कांची झाली.

शेवटची दोन वर्षं मात्र ती औंधपेक्षा कराडलाच जास्त गेली. आक्कांची मूत्रपिंडं थकली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं. लालासाहेब त्यांना न्यायचे, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचे आणि परत आणायचे. शेजारच्या खाटेवर साळूबाई असायची. कोयनानगरच्या वर डोंगरात तिची वाडी. पहाटे उठून ती पायवाटेनं खाली उतरायची आणि पहिली एसटी धरायची. एसटी चुकली की डायलिसिस चुकलं. दोघींची गट्टी जमली. एक शेठची आई, दुसरी नाचणीच्या तुकड्यावर जगणारी. पण आजाराला काय, सगळ्या खाटा सारख्याच.

एका खेपेला साळूबाई आलीच नाही. पुढच्या खेपेला आली ती तोंड सुजलेली, धाप लागलेली. त्या दिवशी घरी पोचल्यावर आक्का गाडीतून उतरायच्या आधीच मुलाला म्हणाल्या, "जयराज, माझ्यामागं ही गाडी इकायची न्हाई. त्या डोंगरातल्या बायास्नी द्यायची." कार्तिकात आक्का गेल्या.

वर्षश्राद्ध झालं. मधल्या काळात नातू वीरधवलनं नवी, गिअर नसलेली गाडी आणली होती आणि ती तो स्वतःच चालवायचा. एक दिवस शेठनी लालासाहेबांना सोप्यात बोलावलं.

"कोयनानगरला एक डॉक्टरीणबाई हायत, भार्गवीताई. मूळच्या सांगलीच्या. आई गेल्यावर त्यांनी पेशंट न्यायला जुनी जीप घेतली हुती, ती भादव्यात बसली ती बसलीच. आईची गाडी त्यांस्नी द्यायची म्हणतुया."

"चांगलं हाय की."

"चांगलं हाय, पण एवढी मोठी गाडी त्यांना झेपंल का? आपण हारतुरं घालून दिली आन् चार म्हयन्यांत दगडावर चढवून ठेवली, तर आईला काय वाटंल? तुमी चार दिवस तितं ऱ्हावा. चालवणारं माणूस बघा. पटलं तर ताबा द्या. न्हाई पटलं तर गाडी घिऊन या. घरी ऱ्हाईल, तुमीच चालवा पयल्यासारखी. तुमचा शब्द तोच माझा शब्द."

शेठ मनानं राजा माणूस, पण आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. लालासाहेबांच्या लगेच आलं. पटलं म्हटलं की गाडी गेली, आणि गाडीबरोबर आपलं कामही गेलं. नाही पटलं म्हटलं की सकाळची बादली चालू. पेन्शन होती, मुलाचं बरं चाललं होतं, पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो अठ्ठावन्नाव्या वर्षी सकाळी सहाला उठून जायचं कुठं, हा. शेठनी अगदी भोळेपणानं मांजराला दुधाची राखण दिली होती.

निघायच्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. गलाईवाल्यांची एक खोड असते. दुकानातली केरसुणी, पायपुसणं, भट्टीवर घातलेला सदरा, काही म्हणजे काही ते तसंच टाकत नाहीत. जाळायचं, राख धुवायची, सोन्याचा कण कुठंतरी हाती लागतोच. शेठचे चुलते आप्पासो यांची सगळी हयात त्यात गेलेली. लालासाहेब नारळ घेऊन येतात तोवर गाडीतली पायपुसणी आणि शिटांची कव्हरं गायब, आणि परड्यात धूर.

"आवं आप्पा, दान द्यायची गाडी ही," लालासाहेब म्हणाले.

"गाडी दिली की. आत सांडलेलं सोनं कुठं दिलंय? जयराज दुकानावरनं उठून तसाच बसायचा हिच्यात."

शेठ ओशाळले, चुलत्यांवर चिडले, पण आता जळून गेलेलं परत कुठून आणणार? राख धुतल्यावर सोनं काही निघालं नाही. निघालं ते आक्कांच्या पानसुपारीच्या चंचीचं, कधीतरी गळून पडलेलं पितळी घुंगरू. आप्पासोनी ते हातात घेतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि सोग्यातच गाठ मारून ठेवलं. इकडं लालासाहेबांची बायको राहीबाई हिनं घरातली जुन्या लुगड्यांची जाड वाकळ आणून मागच्या शिटावर पसरली. "उघड्या शिटावर आजारी माणूस निजवतासा व्हय," एवढंच म्हणाली.

कोयनानगरला भार्गवीताई रस्त्यावर येऊनच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं सांगलीचं स्वच्छ. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. "लालासाहेब, आनंद तर झालाच, पण खरं सांगू, धडकीही भरली. आमच्या जीपचं दार आम्ही दोरीनं बांधायचो."

लालासाहेबांना आत एक बाहेर एक जमत नसे. त्यांनी शेठची अट जशीच्या तशी सांगितली. ताई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. बघा, आणि बघूनच द्या." धर्माची गाय आन् दात का गं नाय, अशी म्हण आहे. इथं गाय देणाराच घेणाऱ्याचे दात मोजायला मुक्कामाला आला होता.

चालवणारं माणूस म्हणून पुढं आली ती सव्वीस वर्षांची पोरगी. नाव क्रांती. बाप वडापची जीप चालवायचा, त्याच्याकडून शिकलेली. वडाप म्हणजे दहाच्या जागी अठरा माणसं कोंबायची आणि एकोणिसावा दिसला तरी ब्रेक मारायचा. त्या शाळेत शिकलेली पोरगी आता आक्कांच्या गाडीला हात लावणार, या विचारानं लालासाहेबांची मिशी फुरफुरली.

"पयलं ते स्लिपर काढ. बूट घाल."

"बूट न्हाईत काका."

"मग अनवाणी चालव. आन् स्लिपर शिटाखाली न्हाई ठेवायचं, पेडलखाली सरकत्यात. मागं टाक."

क्रांतीनं निमूटपणे ऐकलं. फौजेत गाडीचा ताबा देण्याघेण्याची रीत असते. गाडी नुसती सोपवायची नसते. नवा माणूस कसा चालवतो ते शेजारी बसून बघायचं, वहीत लिहायचं, मग सामान एकेक करून दाखवायचं आणि सही घ्यायची. लालासाहेबांनी त्यासाठी नवी वही घेतली होती. क्रांती क्लचवरचा पाय काढत नाही. तिसऱ्या गिअरला जायच्या जागी दुसऱ्यात रेंगाळते. वळणाआधी इतकी हळू होते की मागचा ट्रकवाला बोंब मारतो. आतला आरसा रस्त्याकडं नाही, मागच्या शिटाकडं वळवून ठेवते. दोन दिवस रिकामी गाडी खाली पाटणपर्यंत नेऊन आणली आणि दुसऱ्या दिवसाअखेर नऊ चुका वहीत चढल्या. नऊच्या नऊ खऱ्या होत्या. पण प्रत्येक चूक लिहिताना मनात जे बरं वाटत होतं, ते बरं नव्हतं, हेही लालासाहेबांना कळत होतं. कळूनसुद्धा ते लिहीत होते.

संध्याकाळी क्रांती गाडी पुसत होती. सांगितल्याशिवाय. हातातलं फडकं न थांबवता तिनं विचारलं, "किती झाल्या काका?"

"काय?"

"माझ्या चुका."

"नऊ."

"मला नापास केलंसा तरी चालंल. दुसरा डायवर बघा म्हणून मीच ताईंना सांगती. पण गाडी न्हिऊ नगा." तिनं फडकं पिळलं. "खालच्या आळीचं दगडूबाबा हुतं. एसटी चुकली म्हणून दोन खेपा घरीच ऱ्हायलं. तिसऱ्या खेपंला त्यांस्नी न्यायची गरजच पडली न्हाई."

लालासाहेबांनी वही मिटून खिशात घातली. पण ती फाडली नाही, हेही सांगायला हवं.

तिसरा दिवस मंगळवार, साळूबाईचा. डोंगरावर धुकं होतं. वाडीची पायवाट जिथं रस्त्याला मिळते तिथं ती पिशवी घेऊन बसली होती. गाडी थांबली तशी उठली, आणि ओळखलंच तिनं. "ही तर आक्कांची गाडी," म्हणाली. कराडच्या दवाखान्याच्या दारात किती वेळा बघितली होती.

"बसा की पुढं," लालासाहेब म्हणाले.

"न्हाई बाबा. ती आक्कांची जागा. तुमी बसा, मी हितं बरी." आणि ती मागं वाकळीवर बसली. लालासाहेब बारा वर्षांत पहिल्यांदा त्या डाव्या शिटावर बसले होते ते या दोन दिवसांत, आणि तेव्हा वहीच्या नादात त्यांना काही जाणवलं नव्हतं. आता मात्र अंग चोरून बसले.

कराडला वेळेत पोचले. चार तास लालासाहेब त्याच जुन्या बाकावर बसले. परत निघताना साळूबाईचा चेहरा राखेसारखा झालेला, डोळे मिटलेले. ती वाकळीवर आडवी झाली. पाटण मागं पडलं, वळणं सुरू झाली. क्रांती दुसऱ्या गिअरवर, पाय क्लचवर, मागं एका टेम्पोचा हॉर्न. लालासाहेबांचा हात सवयीनं खिशातल्या पेनकडं गेला.

"मावशी, देवळाचं वळण आलं. हात सांभाळा," क्रांती आरशात बघत म्हणाली. मागून बारीक आवाजात "व्हय" आलं. आणखी दोन वळणं झाली आणि एका आंब्याच्या झाडाखाली तिनं गाडी कडेला घेतली. कोणी काही म्हटलं नव्हतं. ती अनवाणीच उतरली, मागचं दार उघडलं, साळूबाईला उठवून कपाळ धरलं. साळूबाईला उलटी झाली ती त्यानंतर. क्रांतीनं तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं, परत निजवलं.

"तुला कसं कळलं?" गाडी चालू झाल्यावर लालासाहेबांनी विचारलं.

"ताईंची जीप हुती तवापासनं बघती की. मावशीला ह्या झाडापाशी कायम मळमळतंय. आणिक क्लच एकदम सोडला की गाडी हिसका देती, मग सुया टोचलेल्या हाताला कळ येती. आपली गाडी भारी हाय, हिसका कमी देती. पण मला अजून भरवसा न्हाई, म्हणून पाय काढत न्हाई."

कराडहून आक्कांना आणताना लालासाहेब स्वतः काय करत होते? सपाट रस्ता असून चाळीसच्या वर जायचे नाहीत, आणि आरसा आक्कांच्या चेहऱ्याकडं वळवलेला असायचा. वीरधवल एकदा बरोबर होता तो कंटाळून म्हणाला होता, "काका, ह्यापरीस बैलगाडी बरी." चार तास रक्त धुऊन आलेला देह कसा न्यायचा, हे साऱ्या कोयना खोऱ्यात क्रांतीखालोखाल कुणाला ठाऊक असेल तर त्यांना. आणि तेच त्यांनी पोरीच्या चुका म्हणून लिहून काढलं होतं. दिसत नव्हतं असं नाही, बघायचं नव्हतं. लालासाहेबांना स्वतःची लाज वाटली. ही पोरगी भेटली हे आक्कांचंच पुण्य, असं त्यांना वाटून गेलं.

वाडीच्या पायवाटेशी साळूबाई उतरली. तिचा दीर न्यायला आला होता. ती दोन पावलं जाऊन परत आली आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"आक्का म्हणल्या हुत्या मला, गाडी यील म्हणून. मी मनात म्हणलं, मोठी माणसं बोलत्यात, ऱ्हातंय ते तसंच. आज खरं केलं बगा तुमी. भाऊ, मी हे कुठं फेडू?"

कोणी आपले उपकार मानतंय आणि आपण तर तेच हिरावून परत न्यायच्या बेतात होतो. लालासाहेबांना मान वर करवेना. "माझं काय न्हाई त्यात," एवढंच ते पुटपुटले, आणि ते त्यांनी अगदी खरं सांगितलं होतं.

त्याच दुपारी त्यांनी शेठना फोन लावला.

"काय म्हणती पोरगी?" शेठनी विचारलं.

"नऊ चुका काढल्या."

"मग काय, या घिऊन गाडी."

आता गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं.

"ऐका तरी शेठ. नवातल्या पाच माझ्याच हायत. आक्कांना नेताना मी बी तशीच चालवायचो. तीन गाडीचा अंदाज आला की सुटतील. ऱ्हायली येक, पायात बूट न्हाईत. ते मी घिऊन देतो." लालासाहेबांनी श्वास घेतला. "ताबा देतुया. माझ्यापरीस बरी चालवती."

मग शेठ म्हणाले, "आन् तुमी काय करणार मग?" चार दिवसांनी का होईना, त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"मी एसटीनं येतो."

"तसं न्हाई इचारलं मी."

"कळलं मला काय इचारलंत ते. एवढी मोठी गोष्ट तुमी माझ्या शब्दावर सोडलीत शेठ. फौजेत बी मला कुणी एवढं मोठं केलं न्हाई. मी भरून पावलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतसर ताबा झाला. जॅक, टॉमी, स्टेपनी, पाने, प्रथमोपचाराची पेटी, वाकळ, कागदपत्रं, दोन चाव्या. एकेक वस्तू दाखवायची आणि क्रांतीनं हात लावून बघायची. तेवीस नग भरले. नवे बूट घालून ती जरा अवघडून उभी होती. तिनं सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात चोविसावा नग लिहिला: काकांचा फोन नंबर. "ह्याचा बी ताबा पायजे," म्हणाली. लालासाहेबांनी नंबर सांगितला. पहिल्यांदा त्यांच्याकडूनच एक आकडा चुकला, म्हणून पुन्हा सांगितला.

भार्गवीताई स्टँडपर्यंत सोडायला आल्या. एसटीत खिडकीची जागा मिळाली. किती वर्षांनी हा माणूस दुसऱ्याच्या भरवशावर बसला होता. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. कराडपर्यंत पोटरी दुखायला लागली तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, सवय.

घरी पोचले तेव्हा राहीबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. हातपाय धुऊन ते पाटावर बसले. काम सुटल्याचं तिला फोनवर कळलं होतं; तिनं वर न बघताच विचारलं, "चौदा वर्सं राबलासा. जाता जाता शेठनं काय दिलं का न्हाई?"

"दिली की. गाडी दिली."

राहीबाईचा हात थांबला. तिनं वाकून दारातून बाहेर बघितलं. बाहेर शेजाऱ्याची म्हैस सोडून काही नव्हतं.

"कुठं हाय मग?"

"कोयनेला. देऊन आलो."

"आवं, ती शेठची गाडी. शेठनंच दिली ती, तुमी कुठली दिली?"

"त्येच सांगतुया. शेठनं मला ती द्यायला दिली. हो म्हणायचं का न्हाई, ते माझ्या हातात ठेवलं. न्हाईतर आपल्या हातनं कवा एवढं मोठं देणं झालं असतं गं?"

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसतही नव्हता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि त्याच्या ताटात वाढली.

"जेवा," ती म्हणाली.